वीज नाही, मुक्काम रोज नवा आणि कळप ४० मेंढ्यांचा : नंदुरबारच्या मेंढपाळाला हाताची कातरच का परवडते?

इन्स्टाग्रामवर तो व्हिडिओ तुम्ही एकदा तरी पाहिला असेल. ऑस्ट्रेलियातली मोठी शेड, एक दणकट गडी मेंढीला दोन पायांत धरून बसवतो, वरून लोंबकळणारं मशीन हातात घेतो आणि दोन-तीन मिनिटांत मेंढीच्या अंगावरून लोकरीचा अख्खा कोट काढून बाजूला टाकतो. खाली कमेंट ठरलेली असते : “आपल्याकडे अजून कात्रीनेच चालू आहे, आपण कधी सुधारणार?”

प्रश्न रास्त वाटतो. पण तेच मशीन उचलून नंदुरबारच्या एखाद्या मेंढीवाड्यावर आणून ठेवलं, तर पहिलाच सवाल येतो : प्लग कुठे लावायचा?

दुसरा सवाल त्याहून अवघड आहे. त्या मेंढीच्या अंगावरून निघणार किती लोकर, आणि तिचे मिळणार किती पैसे? या दोन प्रश्नांची उत्तरं शोधली की हाताची कातर अजून का टिकून आहे, हाताने फिरवायचं कातरणी यंत्र नावाची एक विसरलेली वस्तू काय होती, आणि लहान कळप पाळणाऱ्याने नेमकं काय घ्यावं, हे सगळं उलगडत जातं.

नंदुरबारात मेंढ्या पाळतं कोण?

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी म्हणजे धडगाव असे सहा तालुके. वर सातपुडा, खाली तापीचं खोरं. डोंगरातल्या पाड्यांवर भिल्ल, पावरा कुटुंबांच्या दारात शेळी आणि कोंबडी हमखास दिसते. मेंढी मात्र प्रामुख्याने सपाटीवरच्या मेंढपाळांकडे.

धुळे-नंदुरबार पट्ट्यात ठेलारी हा मेंढपाळ समाज आहे. त्यांच्यातली कित्येक कुटुंबं पावसाळा सरला की कळप घेऊन चाऱ्याच्या शोधात बाहेर पडतात आणि पुढचा पाऊस तोंडावर आला की परततात. संसार घोड्याच्या पाठीवर. कापूस, ज्वारी निघालेल्या रानात मेंढ्या बसवायच्या, रात्रभरात पडणाऱ्या लेंड्या आणि मूत्र हे शेतकऱ्याचं खत, आणि त्याच्या बदल्यात धान्य किंवा रोख पैसे. काठियावाडकडचे पशुपालकही जनावरं घेऊन खानदेशात येतात, त्यांना इकडे सरसकट ‘काठेवाडी’ म्हणतात.

या माणसांचा मुक्काम आज या शिवारात, चार दिवसांनी पुढच्या. त्यामुळे त्यांच्याकडची प्रत्येक वस्तू एका परीक्षेतून पास झालेली असते : घोड्यावर चढते का? वाटेत मोडली तर दुरुस्त होते का? तवा, घोंगडं, पाण्याचा हंडा, कोयता. आणि कातर.

मेंढी कातरायचीच कशाला?

लोकर विकायला, हे उत्तर अर्धंच बरोबर आहे.

मेंढीची लोकर वाढतच राहते. तापीच्या खोऱ्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो. अशा उन्हात दाट लोकरीखाली मेंढी धापा टाकते, चरणं कमी करते. पावसाळ्यात भिजलेली लोकर लवकर वाळत नाही, खालची कातडी ओली राहते. शेपटीजवळ लेंड्या चिकटून गोळे होतात, त्यावर माशी बसते, अंडी घालते आणि जखमेत किडे पडतात. गोचीड लोकरीच्या मुळाशी लपतात, तिथवर औषध पोचत नाही. खरूज झाली तरी लोकर विस्कटेपर्यंत कळत नाही.

म्हणजे कातरणी ही आधी मेंढीच्या आरोग्याची गरज आहे आणि मग लोकरीचं उत्पन्न. एकेकाळी दोन्ही गोष्टी एकाच कामात व्हायच्या : मेंढी हलकी व्हायची आणि लोकरीचे पैसे यायचे. आता त्यातली दुसरी गोष्ट जवळपास संपली आहे. सगळं दुखणं तिथेच आहे.

लोकरीचा हिशोब का बिघडला?

महाराष्ट्रातली मुख्य मेंढी म्हणजे दख्खनी. काटक, कमी चाऱ्यावर भागवणारी, मैलोन्‌मैल चालणारी. तिची लोकर जाड, राठ, बहुतेक काळी किंवा तपकिरी. वर्षातून दोनदा कातरतात आणि एका वेळी साधारण ३०० ग्रॅम लोकर निघते. म्हणजे वर्षाला अर्धा ते पाऊण किलो. ऑस्ट्रेलियातली मेरिनो मेंढी वर्षाला चार-पाच किलो लोकर देते, तीही रेशमासारखी तलम.

दख्खनी लोकरीचं स्वेटर होत नाही, टोचतं. पण घोंगडी मात्र तिचीच. लोकर पिंजायची, चरख्यावर सूत काढायचं, चिंचोक्याची खळ द्यायची आणि मागावर विणायचं. महाराष्ट्रात सणगर आणि खुटेकर धनगर या कामात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पावसात पाणी लवकर आत येऊ न देणारं आणि थंडीत ऊब देणारं हे पांघरूण शेतकरी, गुराखी, मेंढपाळ सगळ्यांच्या खांद्यावर असायचं.

मग प्लास्टिकचा कागद आला, रेनकोट आला, अ‍ॅक्रिलिकचं ब्लँकेट आलं. पानिपतच्या कारखान्यांत जुन्या कपड्यांच्या धाग्यापासून बनणारी स्वस्त ब्लँकेटं गावच्या बाजारात पोचली. दुसरीकडे सुटिंगच्या गिरण्यांना लागणारी तलम लोकर परदेशातून येते, तिथे दख्खनी लोकर चालत नाही. गिऱ्हाईक दोन्ही बाजूंनी गेलं.

आता एक साधा हिशोब करून पाहू. एका मेंढीची एका वेळची लोकर ३०० ग्रॅम धरली, तर कातरणीला मेंढीमागे जेवढी मजुरी द्याल, तिच्या तिपटीहून जास्त भाव किलोला मिळाला तरच मजुरी सुटते. समजा कातरणाऱ्याने एका मेंढीचे २० रुपये घेतले. मग लोकर किलोला किमान ६७ रुपयांनी विकली गेली पाहिजे. आकडे तुमच्या भागातले घाला, पण तिपटीचा हा नियम बदलत नाही. गावात येणारा व्यापारी काय भाव देतो, हे मेंढपाळाला विचारलंत की तो हसतो. कित्येक जण कातरलेली लोकर बांधावर टाकून देतात.

कळपाचा हिशोबही पाहा. ४० मेंढ्या म्हणजे एका कातरणीला १२ किलो लोकर, वर्षाला २४ किलो. राज्य सरकारच्या राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत ७५ टक्के अनुदानावर २० मेंढ्या आणि एक नर असा गट मिळतो. त्या २१ जनावरांची एका वेळची लोकर होते जेमतेम सव्वासहा किलो. एवढ्या लोकरीच्या जिवावर कुठलं मशीन घ्यायचं?

म्हणून अवजाराची निवड करताना प्रश्न फिरवावा लागतो. ‘जास्त लोकर पटकन कशी काढू?’ हा प्रश्न ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या मालकाचा. नंदुरबारच्या मेंढपाळाचा प्रश्न असतो : ‘कमीत कमी खर्चात, मेंढीला इजा न करता, माझ्या मुक्कामावर हे काम कसं उरकू?’

कातर : दोन हजार वर्षांपूर्वीचं डिझाइन, आजही चालू

हाताच्या कातरीचे दोन मुख्य प्रकार. एक आपल्या कात्रीसारखी, मधे खिळा असलेली. गावचा लोहारही अशी घडवून देतो. दुसरी स्प्रिंगची कातर. ही पोलादाच्या एकाच पट्टीतून बनते : पट्टी मधे वाकवलेली, दोन्ही टोकांना त्रिकोणी पाती, आकार मोठ्या चिमट्यासारखा.

स्प्रिंगच्या कातरीतली युक्ती साधी आहे. कात्री उघडायलाही बोटं लागतात आणि मिटायलाही. स्प्रिंगची कातर मूठ आवळली की मिटते आणि सैल सोडली की आपोआप उघडते. दिवसभरात हजारो वेळा करायच्या हालचालीत निम्मं काम पोलादच करतं. ही रचना लोहयुगापासूनची आहे. युरोपात रोमन काळातल्या अशा कातरी उत्खननात सापडल्या आहेत आणि आजच्या कातरीशेजारी ठेवल्या तर फरक ओळखायला क्षणभर थांबावं लागेल. इंग्लंडच्या शेफील्डमधली बर्गन अँड बॉल ही १७३० सालची कंपनी आजही मेंढ्यांच्या कातरी बनवते.

आणि कातर म्हणजे संथ काम, असं समजू नका. १० ऑक्टोबर १८९२ रोजी ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या अ‍ॅलिस डाउन्स इथे जॅक हाउ नावाच्या कातरणाऱ्याने ७ तास ४० मिनिटांत ३२१ मेंढ्या कातरल्या. तेही हाताच्या कातरीने. सरासरी काढली तर मेंढीमागे ८६ सेकंद! हा आकडा ओलांडायला मशीनला १९५० साल उजाडावं लागलं. अर्थात जॅक हाउ हा कातरणीतला तेंडुलकर होता, सगळेच काही तसे नसतात. पण अवजाराची मर्यादा आणि हाताची मर्यादा या वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं यातून नक्की कळतं.

मग मशीन आलं कुठून?

याची गोष्ट भारी आहे. फ्रेडरिक वूल्झली हा आयर्लंडमधून ऑस्ट्रेलियात गेलेला माणूस. मेंढ्या कातरायचं यंत्र बनवायचं त्याने मनावर घेतलं आणि १८७७ साली त्याला पहिलं पेटंट मिळालं. १८८८ साली न्यू साउथ वेल्समधल्या डनलॉप स्टेशन इथे अख्ख्या हंगामाची कातरणी यंत्रांवर झाली. यंत्राचं तत्त्व असं : खाली एक स्थिर फणी, ती लोकरीत शिरते आणि कातडीला दाबून धरते. फणीवर चार टोकांचं पातं वेगाने डावी-उजवीकडे सरकतं आणि फणीच्या दातांमधे आलेली लोकर कापतं. सलूनमधली ट्रिमर मशीन याच तत्त्वावर चालते.

वूल्झलीच्या कंपनीत हर्बर्ट ऑस्टिन नावाचा एक तरुण व्यवस्थापक होता. कातरणीचा धंदा हंगामी, वर्षाचे कित्येक महिने कारखाना रिकामा. म्हणून त्याने मोटारगाड्यांचे प्रयोग सुरू केले. पुढे वूल्झली मोटार ही वेगळी कंपनी झाली आणि ऑस्टिनने १९०५ साली स्वतःची ऑस्टिन कंपनी काढली. १९२७ साली वूल्झली मोटार विकत घेतली विल्यम मॉरिस यांनी. आपली अँबॅसडर ज्या मॉरिस ऑक्सफर्डवरून बनली, तेच हे मॉरिस. म्हणजे मेंढीच्या पाठीवरून निघालेली एक वाट थेट लाल दिव्याच्या गाडीपर्यंत जाते.

आणि हाताने फिरवायचं यंत्र?

वूल्झलीची यंत्रं वाफेच्या इंजिनावर चालायची. हजारो मेंढ्यांच्या शेडला ते ठीक. पण ज्याच्याकडे ३०-४० मेंढ्या आहेत आणि गावात वीज नाही, त्याने काय करायचं? अमेरिका आणि इंग्लंडमधल्या लहान शेतकऱ्यांपुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हाच प्रश्न होता. त्याचं उत्तर म्हणजे हातयंत्र.

शिकागोच्या एका कंपनीचं ‘स्टुअर्ट नंबर ९’ हे यंत्र त्या काळात गाजलं. इंग्लंडच्या लिस्टर कंपनीनेही कातरणी यंत्रं बनवली. हो, तेच लिस्टर, ज्यांच्या धाटणीची डिझेल इंजिनं आपल्याकडे विहिरींवर धडधडायची.

या हातयंत्राचे भाग असे. एका खांबावर दातेरी चाकांची पेटी, तिला विहिरीच्या रहाटासारखा दांडा. दांडा एकदा फिरवला की आतली चाकं तो वेग कितीतरी पटींनी वाढवतात. पेटीतून निघते एक लवचीक नळी, आत फिरणारी तार, आणि तिच्या टोकाला कातरणीची मूठ : तीच फणी, तेच पातं. एक जण दांडा फिरवणार, दुसरा मेंढी धरून कातरणार.

फायदे उघड होते. वीज नको, इंधन नको. फणी कातडीवर सपाट सरकत असल्याने नवख्याच्या हातूनही लोकर एकसारखी निघते आणि खोल जखमेची भीती कमी. मूठ सतत आवळावी लागत नाही, त्यामुळे हात भरून येत नाही. घोडे, खेचरांचे केस कापायलाही तेच यंत्र चालायचं.

मग ते गेलं कुठे? एक तर त्याला माणसं दोन लागतात. दांडा फिरवणारा दमला की वेग पडतो, वेग पडला की पातं लोकर कापायच्या ऐवजी ओढतं आणि मेंढी उसळते. दुसरं, फणी आणि पात्याला धार लावणं हे नाजूक काम. दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर तंतोतंत बसले पाहिजेत, त्यासाठी खास चकतीचं यंत्र लागतं. आणि तिसरं, त्या देशांत गावोगाव वीज पोचली, तेव्हा दांड्याच्या जागी मोटर आली.

आपल्याकडे ते कधी रुळलंच नाही. आज ते मिळतं ते बहुतेक जुन्या वस्तू गोळा करणाऱ्यांकडे.

धार : खरा निकाल इथे लागतो

अवजार विकत घेताना आपण किंमत पाहतो. मेंढपाळ पाहतो, हे बोथट झाल्यावर मी काय करणार?

विजेच्या कातरणी मशीनची फणी मातीने, वाळूने लवकर झिजते. आपल्या मेंढ्या शेडमधे राहत नाहीत, रानात बसतात, त्यामुळे लोकरीत माती, काटे, कुसळं भरपूर. पातं बोथट झालं की मशीन तापतं, तापलेली फणी मेंढीला चटका देते. धार लावायला ते योग्य ठिकाणी पाठवावं लागतं किंवा नवी जोडी घ्यावी लागते. मुक्काम शहाद्याच्या पुढच्या शिवारात असताना हे होणं अवघड.

कातरीला मात्र एक दगड पुरतो. आठवडे बाजारात धार लावणारा शिकलगार भेटतो, गावात लोहार असतो. खिळा सैल झाला तर ठोकून घेतो. पडली, भिजली, घोड्यावरून घसरली तरी काही बिघडत नाही. यालाच तंत्रज्ञान ‘परवडणं’ म्हणायचं. पहिल्या दिवसाची किंमत हा त्याचा फक्त एक भाग असतो.

आता बॅटरीवर चालणारी मशीनंही मिळतात. ती चार्ज करायला पुन्हा वीज किंवा सोलर पॅनल हवा. मोबाइल चार्ज करायला छोटा पॅनल बाळगणाऱ्याला हे अशक्य नाही, पण पात्याच्या धारेचा प्रश्न तसाच राहतो.

मग कोणी काय घ्यावं?

२० ते ५० मेंढ्या, फिरता कळप : चांगल्या पोलादाच्या दोन कातरी. एक चालू, एक धार लावलेली तयार. सोबत दगड आणि तेलाची बाटली.

२० ते ५० मेंढ्या, घरी गोठा : कातर पुरते. घरात वीज असली तरी वर्षातल्या दोन-तीन दिवसांच्या कामासाठी एकट्याने मशीन घेणं महाग पडतं.

दहा-बारा कळपवाले एकाच गावात : इथे मशीनचा विचार करावा. सगळ्यांच्या मिळून ५०० मेंढ्या झाल्या तर एक मशीन, पात्यांच्या तीन-चार जोड्या आणि ते चालवायला शिकलेले दोन तरुण हा खर्च वाटून घेता येतो. गटाने घेतलेलं अवजार कोणाच्या घरी राहणार आणि पात्याचे पैसे कोण देणार, हे मात्र आधी ठरवा. गावोगावी गटाची औजारं गंजून पडतात ती याच दोन प्रश्नांमुळे.

आणि अवजार कुठलंही असो, वारंगुळ्याची जुनी पद्धत अजून कामाची आहे. आज तुझ्या वाड्यावर चौघे, उद्या माझ्या वाड्यावर चौघे. रोख मजुरी वाचते आणि वर काढलेला तिपटीचा हिशोबच बदलून जातो.

कातरताना काय सांभाळायचं?

सगळ्यात आधी दिवस निवडा. लोकर कोरडी हवी. भर पावसात आणि कडाक्याच्या थंडीत कातरणी नको. सातपुड्यात डाब, तोरणमाळ भागात हिवाळ्यात दवबिंदू गोठतात, अशा रात्री उघड्या पाठीची मेंढी आजारी पडते, मरूही शकते. कातरणीनंतर अवकाळीचा अंदाज असेल तर आडोशाची सोय आधी करा.

आदल्या रात्रीपासून मेंढी उपाशी ठेवा. पोट भरलेली मेंढी पाठीवर टेकवली की तिला श्वास घ्यायला त्रास होतो आणि ती जास्त धडपडते. व्यायला झालेल्या मेंढीला कातरणीची दगदग देऊ नका, ती वेल्यावर बघा.

खाली ताडपत्री अंथरा. डाव्या हाताने कातडी ताणून धरा आणि कातर कातडीला समांतर ठेवा. जखम होते ती बहुतेक कातडीची घडी पात्यात सापडल्यामुळे. सड, नराचं लिंग, कान आणि मानेखालचा भाग इथे घाई नको. एकाच जागी दोनदा कातर मारू नका, त्याने लोकरीचे तुकडे होतात आणि सूत निघत नाही.

आधी कोकरं, मग धडधाकट मेंढ्या, आणि गाठी किंवा खरूज असलेल्या मेंढ्या सगळ्यात शेवटी. मेंढ्यांना गाठी येण्याचा एक जिवाणूजन्य आजार कातरीच्या जखमांतूनच पसरतो. एका कळपाची कातर दुसऱ्या कळपाला लावण्याआधी जंतुनाशकात बुडवून पुसा. उधारीची कातर म्हणजे कधीकधी उधारीचा रोग.

कापलं तर जखम धुऊन पोव्हिडोन आयोडीन लावा आणि माशी बसणार नाही असं पाहा. धनुर्वाताच्या लसीबद्दल पशुवैद्यकीय दवाखान्यात आधीच विचारून ठेवा. कातरणीनंतरचे दिवस गोचीड-खरजेच्या औषधासाठी उत्तम असतात, कारण औषध थेट कातडीवर पोचतं. मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

लोकर फेकायची की ठेवायची?

फेकण्याआधी तीन गोष्टी करून पाहता येतील. पहिली, रंगानुसार वेगळी करा. निव्वळ काळी लोकर आणि सरमिसळ लोकर यांची किंमत घोंगडी विणणाऱ्याकडे सारखी नसते. दुसरी, शेपटी-पोटाकडची शेणाची लोकर वेगळी काढा, ती चांगल्या लोकरीचाही भाव पाडते. तिसरी, ओली लोकर पोत्यात भरू नका.

जी खरोखर विकत नाही, ती शेताला द्या. लोकर म्हणजे केरॅटिन हे प्रथिन, त्यात नायट्रोजन आणि गंधक असतो. ती हळूहळू कुजते आणि तोवर ओल धरून ठेवते. झाडाच्या बुंध्याशी आळ्यात पसरून वर माती टाकली की आच्छादन तयार.

प्रश्न कातरीपुरता आहे का?

नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात ७ कोटी ४३ लाख मेंढ्या मोजल्या गेल्या, महाराष्ट्रात सुमारे २७ लाख. मेंढ्या आहेत, पण त्या आता मटणासाठी पाळल्या जातात. मेंढीबाजारात भाव ठरतो वजनावर, लोकरीला कोणी हात लावून पाहत नाही. त्यामुळे कित्येक मेंढपाळ दख्खनी सोडून माडग्याळसारख्या, अंगावर लोकर नगण्य असलेल्या आणि वजनाने भारी मेंढ्यांकडे वळले आहेत. कातरणीचा खर्चच नको, हा त्यामागचा सरळ विचार.

तो चुकीचा म्हणता येणार नाही. पण दख्खनी मेंढी पिढ्यान्‌पिढ्या याच कोरड्या रानात, याच पायपिटीत घडली आहे. वाईट वर्षात, चारा नसताना, रोज दहा-पंधरा किलोमीटर चालून ती तगते. लोकर नकोशी झाली म्हणून ती कळपातून गेली, तर तिच्यासोबत हा काटकपणाही जाईल. आणि कातरणारे हात गेले तर उरलेल्या मेंढ्यांच्या अंगावरची लोकर काढणार कोण, हा प्रश्न उरेलच. आज वाड्यावर कातर धरणाऱ्यांत चाळिशी-पन्नाशीच्या पुढची माणसं जास्त दिसतात. पोरं म्हणतात, पाठ मोडायचं हे काम कशासाठी, चार पैशांच्या लोकरीसाठी?

त्यांना उत्तर द्यायचं तर कातरणीकडे लसीकरणासारखं पाहावं लागेल. लस टोचल्याने कोणाला पैसे मिळत नाहीत, तरी ती टोचतात, कारण जनावर वाचतं. राज्यात पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळ आहे, राजस्थानात अविकानगरला १९६२ पासून केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था आहे. कातरणीचं प्रशिक्षण, चांगल्या पोलादाची कातर आणि लोकर गोळा करायची सोय या तीन गोष्टी मेंढीवाड्यापर्यंत पोचल्या, तर त्याला अवाढव्य पैसा लागत नाही.

तोवर पुढच्या वेळी तो ऑस्ट्रेलियाचा व्हिडिओ समोर आला, तर कमेंट करण्याआधी एवढं आठवा : तिथल्या गड्याच्या डोक्यावर शेड आहे, भिंतीत प्लग आहे आणि मेंढीच्या अंगावर चार किलो लोकर आहे. आपल्या मेंढपाळाकडे यातलं काहीच नाही. तरी तो कातर घेऊन बसतो, कारण उन्हाळा तोंडावर आहे आणि मेंढी धापा टाकतेय.